पूजेला मांडलेली फिरंग

तलवार गोणपाटात गुंडाळून प्रमोदिनीने मागच्या दाराची कडी हळूच काढली. ओटीवरच्या झोपाळ्याची कुरकुर थांबली होती, म्हणजे मधूभाऊंचा डोळा लागला होता. ती केळीच्या रांगांमधून, सुकलेल्या पानांवर पाय पडणार नाही अशा बेताने, वाडीच्या फाटकापाशी आली. बाहेर विकी धारवाला सायकल स्टँडवर चढवून चाक फिरवत होता. घरातले कोयते, विळी, नारळ सोलायची पहार, अडकित्ता, सगळं धार लावून त्याने फाटकाच्या कठड्यावर ओळीने ठेवलं होतं.

"हे राहिलं होतं," ती म्हणाली आणि गोणपाट सोडलं.

विकीचा पाय पायट्यावर थांबला. चाळिशीतला माणूस, गेली कित्येक वर्षं अष्टमीला आगाशीत याच आळीला येणारा.

"अरे देवा! काकी, मर्डर करायचाय का कोणाचा?"

"शुभ बोल रे. उद्या खंडेनवमी आहे."

"ही काकांची ना, कपाटातली? शोपीस आहे ही. हिला धारच काढलेली नाही."

"नाही काढली म्हणूनच आणली."

"काकांना विचारलंय?"

प्रमोदिनीला खोटं बोलता येत नसे. नेमाचा भाग म्हणून नव्हे, लहानपणापासून जीभच वळत नसे.

"नाही. उद्या बघतील. बघून बरं वाटेल त्यांना."

विकीने पात्यावर नख वाजवलं. कान लावून ऐकलं. "पोलाद मात्र खरं आहे हां. धार धरील." आणि चाक पुन्हा फिरू लागलं. ठिणग्या उडाल्या तशी प्रमोदिनीने वळून घराकडे पाहिलं. झोपाळा अजून गप्प होता.

ती फिरंग घरात येऊन महिनाही झाला नव्हता. मधूभाऊंनी सोसायटीच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर हा नाद धरला होता. वसईच्या किल्ल्यात पाहुण्यांना बुरूज दाखवता दाखवता एकदा कुणीतरी त्यांना नकली धोप तलवार भेट दिली, आणि मग बैठकीतल्या जुन्या शोकेसमधले कपबशांचे संच माळ्यावर गेले. तिथे एकामागून एक तलवारी आल्या. दांडपट्टा आला, घोडदळाची वाकडी आली, लष्करी अधिकारी संचलनात धरतात तसली सरळ नि चकचकीतही आली. सगळ्या नकला. खऱ्या तलवारी संग्रहालयात, आणि चांगल्या नकलांची किंमत मोटारसायकलीएवढी. त्यामुळे मधूभाऊ मोबाइलवर तासन् तास शोधत बसत, आपल्या खिशाला झेपेल असं. फिरंग हवी होती ती किल्ल्यामुळे. सरळ, लांब, फिरंग्यांच्या पात्याची आणि मराठी मुठीची तलवार. "दोन्ही बाजू एका हत्यारात," असं ते सांगत. शेवटी एका कारागिराकडे मुठीला पोचा आलेली एक पडून होती, ती त्याने स्वस्तात द्यायची कबूल केली. त्याच्याशी फोनच्या स्पीकरवर बोलताना मधूभाऊंनी खोदून खोदून विचारलेलं प्रमोदिनीने स्वयंपाकघरातून ऐकलं होतं. वजन किती, मूठ हलते का, धार आहे का.

"धार नाही साहेब," कारागीर म्हणाला होता. "घरपोच पाठवायची तर धार ठेवताच येत नाही आम्हाला."

एवढ्या किमतीत धार कुठली यायला, असं मनात म्हणत तिने फोडणीत मोहरी टाकली होती.

पार्सल आलं त्या दिवशी मधूभाऊंनी ओटीवर चादर अंथरून ते सोडलं. मग आलेल्यागेलेल्याला दाखवायचा त्यांचा ठरलेला खेळ केला. पातं मुठीत गच्च धरायचं, तलवार सर्रकन ओढून काढायची आणि कोरा तळहात पुढे करायचा. "बघा, काकडीसुद्धा कापायची नाही!"

या नकलांवर मागच्या नवरात्रात प्रमोदिनी एक वाक्य बोलून गेली होती. तोवर मधूभाऊ दरवर्षी म्हणायचे, "यंदा एखादी ठेव ना पूजेत." आणि ती दरवर्षी टाळायची. सासूबाईंनी, आशालताबाईंनी, तिला लग्नानंतरच्या पहिल्याच खंडेनवमीला बजावलं होतं की बोथट हत्यार देवीपुढे मांडायचं नाही. अडकित्त्यालासुद्धा धार लावून घ्यायची आणि मगच हळदकुंकू. पण मागच्या वर्षी घरात पाहुणे होते. मधूभाऊंनी चारचौघांत विचारलं आणि ती हसून म्हणाली, "देवीपुढे खरं हत्यार ठेवतात. तुमच्या त्या खोट्या तलवारी काय ठेवायच्या?" सगळे हसले. मधूभाऊही हसले आणि उठून त्यांनी शोकेसचं दार लावलं.

यंदा त्यांनी विचारलंच नाही. घट बसले, माळा चढत गेल्या, तरी नाही. ते न विचारणं प्रमोदिनीला आसनाखालच्या खड्यासारखं टोचत राहिलं होतं.

विकीचं काम झालं. त्याने केळीचं एक वाळकं पान पात्यावर नुसतं टेकवलं. पानाची दोन पानं झाली.

"जपून ने, काकी."

तिने पदराआडून प्रसादाची पुडी काढली. विकीने डावा हात पुढे केला.

"उजवा."

"काकी, काळा झालाय तो, तेलाने."

"असू दे काळा. डाव्या हातात प्रसाद देत नाही मी."

"मोठी कडक आहेस हां," म्हणत त्याने उजवा हात पँटला खसाखसा पुसला आणि पुढे केला.

नवमीला सकाळी मधूभाऊ आंघोळ करून देवघराच्या दाराशी आले आणि तिथेच थांबले. पाटावर कोयते, विळी, पहार मांडलेली होती आणि सगळ्यांच्या मधोमध फिरंग. पात्यावर हळदकुंकवाचे ओले पट्टे, मुठीला झेंडूची माळ, टोकाशी लिंबू.

"अगो..." ते म्हणाले. चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसला. पुन्हा लावला. "खरंच?"

प्रमोदिनीने मान डोलावली. नवरात्रात सकाळी उठल्यापासून नैवेद्य दाखवीपर्यंत तिचं मौन असे. सासूबाई गेल्यापासून हा नेम तिने एकदाही मोडला नव्हता. एकदा कढईतलं तेल हातावर उडालं तेव्हाही फक्त डोळ्यांतून पाणी आलं होतं. धारेचं गुपित तिने दुपारसाठी राखून ठेवलं होतं. नैवेद्य झाला की स्वतःच्या तोंडाने सांगायचं, की आता ती खोटी नाही हो.

पूजा उतरेपर्यंत हत्याराला हात लावायचा नाही, हे मधूभाऊंना ठाऊक होतं. त्यांनी लांबूनच हात जोडले. मग बैठकीत जाऊन कुणाला तरी फोन लावला. "यंदा आमच्या फिरंगीचं पूजन हो! हो, हिनेच मांडली. स्वतःहून."

पुरण शिजत आलं होतं तेव्हा फाटकाशी जीप थांबली.

दोघं आत आले. एक तरुण फौजदार, हातात मोबाइल, कपाळावर घाम. मागून एक पोक्त हवालदारीण, जिला तो शकूबाई म्हणत होता.

"मधुकर सावे तुम्हीच? पार्सलने तलवारी मागवता?"

"मागवतो की," मधूभाऊ म्हणाले. "या ना, बसा. संग्रह आहे माझा."

"बसायला वेळ नाही, काका. परवा स्टेशनच्या पूर्वेला मिरवणुकीत एकाच्या खांद्यावर वार झाला. तलवार अशीच घरपोच आलेली. ज्यांनी ज्यांनी मागवल्यात, त्यांच्या घरी जातोय आम्ही."

"अरेरे. पण आमच्या सगळ्या नकला आहेत, साहेब. एकीलाही धार नाही."

"धार नसेल तर प्रश्नच नाही. व्हिडिओ काढतो आणि जातो. पण असली, तर आत्ताच गाडीत बसावं लागेल. काल एकाला नेलं. तोही म्हणत होता सजावटीची आहे. दसरा आत जाणार त्याचा."

स्वयंपाकघराच्या दारात प्रमोदिनीच्या हातातली पळी तशीच राहिली. घरपोच पाठवायची तर धार ठेवताच येत नाही आम्हाला. ते वाक्य आत्ता तिच्या कानात पूर्ण उतरलं. पुरण तळाला लागल्याचा वास आला. तिने गॅस बंद केला आणि ती बैठकीच्या दाराशी आली.

बैठकीत शोकेस उघडली गेली होती. मधूभाऊ एकेक तलवार काढत होते, नाव सांगत होते, पातं मुठीत धरून सर्रकन ओढत होते. "बघा, काकडीसुद्धा कापायची नाही." फौजदार मोबाइलमधून बघत होता. तिसऱ्या तलवारीला त्याच्या ओठांवर हसू आलं.

ओरडून सांगावं तर फौजदार दोन हातांवर उभा. न सांगावं तर हे त्या पात्याला असाच हात घालतील. प्रमोदिनीने देवघराकडे पाहिलं. अखंड दिवा शांत जळत होता.

"काकू, घरात आणखी काही हत्यारं?" फौजदाराने एकदम तिलाच विचारलं.

तिने मधूभाऊंकडे पाहिलं.

"तिचं मौन असतं, साहेब," मधूभाऊ म्हणाले.

"नवरात्राचं व्हय," शकूबाई म्हणाली. "आमची आय पन धरायची. दुपारपावतर पानी सुदा मागायची नाय."

फौजदाराने मान हलवली. आणि प्रमोदिनीला एकाएकी स्वतःचीच लाज वाटली. इतकी वर्षं देवीसाठी पाळलेलं मौन आज तिने अंगावर ओढून घेतलं होतं, कुणी शोधू नये म्हणून.

"मागच्या महिन्यात एक आली ना तुमच्याकडे? ती दिसली नाही यात."

"ती देवापुढे आहे," मधूभाऊ म्हणाले, आणि त्यांचा आवाज जरा मोठा झाला. "यंदा पहिल्यांदाच मान मिळालाय तिला."

देवघराच्या उंबऱ्याशी फौजदार पोचला तशी शकूबाई पुढे झाली.

"साहेब, घट हायत. बूट काढाय लागतील. कमरेचा पट्टा पन."

फौजदाराने खाली पाहिलं. घोट्यापर्यंत नाडी आवळलेले बूट. मग घड्याळाकडे पाहिलं.

"राहू दे. मी इथूनच घेतो. काका, तुम्हीच दाखवा. त्या सगळ्या दाखवल्यात तसंच."

मधूभाऊ आत आले. प्रमोदिनी पाट आणि त्यांच्यामध्ये उभी राहिली. तिने वाकून विळीच्या पात्यावर बोट ठेवलं, मग फिरंगीवर ठेवलं, आणि मान जोरात हलवली. पुन्हा विळी. पुन्हा फिरंग.

"अगो, पूजा उतरली नाही, ठाऊक आहे मला," मधूभाऊ हलक्या आवाजात म्हणाले. "साहेबांचं काम आहे. आंघोळ झालीय माझी. क्षमा मागतो मी देवीची." आणि त्यांनी खरंच हात जोडले, मग तिच्या खांद्यावरून वाकून मूठ उचलली. टोकाशी ठेवलेलं लिंबू घरंगळत घटाशी जाऊन थांबलं.

मोबाइलवरचा लाल ठिपका चमकत होता. मधूभाऊंनी डाव्या हातात मूठ धरली, उजवा हात पात्याभोवती मिटला.

"अहो."

शब्द तिच्या तोंडातून निघाला आणि देवघरात उभा राहिला. फार मोठा नव्हता. फौजदाराला तो पूजेविषयीचा रुसवा वाटला असावा, त्याने वरही पाहिलं नाही.

मधूभाऊंनी पाहिलं. मूठ मिटलेलीच होती. त्यांच्या मिशीखालचा ओठ जरासा आत गेला. ते तिच्याकडे बघत राहिले, लग्नात अंतरपाट दूर झाल्यावर बघितलं होतं तसे, जणू ही कोण ते आत्ताच कळतं आहे. मग त्यांनी नजर मोबाइलकडे वळवली आणि तलवार ओढली. सर्रकन नाही, सावकाश. सगळी नाही, दीडएक वीत.

"बघा साहेब. काकडीसुद्धा कापायची नाही."

आवाज नेहमीचाच होता. फक्त तळहात पुढे आला नाही.

पात्यावरचे कुंकवाचे पट्टे ओले होते. त्यातला एक पट्टा रुंद झाला, पसरला, आणि एक थेंब पाटाच्या कडेला येऊन अडकला.

मधूभाऊंनी डाव्या हाताने तलवार जागेवर ठेवली. उजवी मूठ हळदीच्या वाटीत बुडवली आणि तशीच पिवळी मूठ छातीशी धरून वाकले. "पूजेतली हलवली ना, हळद वाहायला हवी. नाहीतर आमच्या सौभाग्यवती रागावतील."

फौजदार हसला. लाल ठिपका विझला. "चला. झालं तुमचं. सॉरी हां काका, सणाच्या दिवशी."

"छे छे. तुमचं कामच आहे ते. चहा?"

"नको, अजून अर्नाळ्याला जायचंय."

तो ओटीवर गेला. शकूबाई मागे राहिली. तिने उंबऱ्याबाहेर चपला काढल्या, आत येऊन घटाला हात जोडले. उठताना तिची नजर पाटावर गेली आणि तिथेच राहिली. बाहेर जीप सुरू झाल्याचा आवाज आला.

"वैनी," शकूबाई हलकेच म्हणाली, "कुंकवात पानी जास्त झालं जनू. पुसून घ्या."

आणि चपला पायांत सरकवून ती निघून गेली.

जीपचा आवाज नाक्यापलीकडे विरला. मग मधूभाऊ ओटीवर जाऊन झोपाळ्यावर बसले. प्रमोदिनी मागोमाग गेली, पाण्याचा तांब्या आणि स्वच्छ फडकं घेऊन. तिने त्यांच्या मिटलेल्या मुठीला हात लावला. पिवळ्या बोटांच्या फटींमधून रंग केशरी झाला होता.

"हळद भरलीय. थांबेल," ते म्हणाले, पण फडकं त्यांनी बांधू दिलं. ती गाठ मारत असताना ते केळींकडे बघत राहिले.

"विकीने लावलीन?"

तिने मान डोलावली.

"चांगली लावलीन." झोपाळा एकदा पुढे गेला, मागे आला. "म्हणून ठेवलीस होय पूजेत."

तिने मान वर केली नाही. गाठ पुन्हा सोडली, पुन्हा बांधली.

"दसरा झाला की मोडून घेऊ धार. तोवर असू दे. एवढी खरी झालीय, तर दोन दिवस राहू दे तशी." मग थोड्या वेळाने, "तुझं मौन मोडलं ना गो माझ्यापायी?"

तिचे ओठ हलले. पण जे बोलायचं म्हणून तिने दुपारसाठी राखून ठेवलं होतं, ते आता कुठून सुरू करायचं ते तिला कळेना.

"दवाखान्यात जाऊ नंतर. कोयता लागला म्हणून सांगेन मी, तू नको सांगूस," ते म्हणाले. "उठ आता. देवी थांबलीय. आधी नैवेद्य."

भवानीशंकराच्या देवळातली दुपारची घंटा झाली. प्रमोदिनीने तळाला लागलेल्या पुरणातलं वरचं काढून पोळ्या लाटल्या. पाटाची कड पुसली, पण पातं पुसलं नाही. लिंबू उचलून पुन्हा टोकाशी ठेवलं. पान वाढून देवीसमोर पाणी फिरवलं. आरतीला मधूभाऊंनी डाव्या हाताने घंटी वाजवली. ती ठेक्यात बसत नव्हती आणि तिने आरती त्या घंटीच्या चालीने सावकाश म्हटली.

मग तिने तबकातला खोबऱ्याचा तुकडा उचलला. मौन सुटलं होतं, नैवेद्य झाला होता, बोलायला आता कसलीच आडकाठी नव्हती. मधूभाऊ समोर आले. सवयीने उजवा हात पुढे आला, अर्ध्यावर थांबला, खाली गेला. त्यांनी डावा पुढे केला आणि शाळेत उशिरा आलेल्या मुलासारखे तिच्याकडे पाहत थांबले.

प्रमोदिनीने तो हात आपल्या ओंजळीत घेतला, खोबऱ्याचा तुकडा त्यावर ठेवला, आणि काहीच म्हणाली नाही.